गाय की ‘काय’? – दिन्का भाषेच्या निमित्ताने

‘दिन्का’ हे नाव त्या भाषेने स्वतःला दिलेले नाही. दक्षिण सुदानात श्वेत नाईलच्या दोन्ही अंगांना, बहर-अल-गझलच्या नद्यांपासून सुद नावाच्या अफाट दलदलीच्या कडेकडेने जोंगलेपर्यंत पसरलेले हे गोपालक लोक स्वतःला ‘जिएङ’ म्हणवतात, किंवा ‘मुओञजाङ’. आणि आपल्या भाषेला ‘तुओङजाङ’. या दुसऱ्या आणि तिसऱ्या नावातच त्या भाषेच्या व्याकरणाची एक किल्ली आहे. ‘मोच’ म्हणजे पुरुष आणि ‘तोक’ म्हणजे तोंड. तोंड म्हणजेच भाषा. ‘तोंड सांभाळून बोल’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण ‘जाङांचा पुरुष’ असे म्हणायचे झाले, की ‘मोच’मधला च जाऊन त्याच्या जागी ञ येतो, आणि ‘जाङांचे तोंड’ म्हणताना ‘तोक’मधला क जाऊन ङ येतो, आतला स्वरही थोडा हलतो. मराठीत ‘रामाचे घर’ म्हणताना रामाला सामान्यरूप होते, घर आहे तसेच राहते. दिन्कात मालक जागचा हलत नाही. ज्यावर मालकी सांगायची त्या वस्तूचे रूप पालटते.

क जाऊन ङ येणे हे आम्हां वाङ्मयाच्या लोकांना तर फारच ओळखीचे वाटले पाहिजे. वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय. तेथे पुढच्या अनुनासिकामुळे क् चा ङ् झाला, येथे संबंधामुळे झाला. कारण निराळे, पण वाचेचेच नाव आणि तोच बदल, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. (आमच्याकडच्या कित्येक पाट्यांवर आणि मुखपृष्ठांवर ङ चा ठिपका गळून ‘वाड्मय’ झालेले असते. ठिपका गळण्याचा विषय पुढे पुन्हा यायचा आहे.)

मराठी साहित्य शिकवणाऱ्याने नाईलच्या दलदलीपर्यंत जावे कशाला, असे कोणी विचारील. गेलो नाही; दलदलच आमच्या दाराशी आली. २००७ च्या सुमारास आम्ही पुण्यात ज्या इमारतीत राहत होतो तिच्या तळमजल्यावर चार सुदानी विद्यार्थी भाड्याने राहत. पुण्याच्या महाविद्यालयांतून त्या काळी सुदानी मुले पुष्कळ दिसत. या चौघांतला एक बोरकडचा दिन्का होता. केनियातल्या काकुमा येथील निर्वासितांच्या छावणीत वाढलेला, वाणिज्य शाखेचा, उंचीमुळे आमच्या जिन्यात नेहमी वाकून चढणारा. संध्याकाळी तो गॅलरीत येऊन बसे. त्याला कामापुरती मराठी हवी होती, आम्हांला त्याच्या भाषेचे कुतूहल होते. दोन वर्षे हा विनिमय चालला.

पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याच्याकडून व्यंजने वदवून घेतली आणि कागदावर मांडली, तेव्हा समोर आला तो आपल्या बालबोध वर्णमालेचा तक्ता. क ग ङ. च ज ञ. त द न. प ब म. ट-वर्गाच्या जागी दातांच्या जरा मागे, हिरड्यांवर उच्चारायचा एक वर्ग, आमच्या ट-ड आणि त-द यांच्या मधला. महाप्राण नाहीत. पाच स्थाने, प्रत्येक स्थानाला एक अघोष, एक घोष, एक अनुनासिक. वर य र ल व आणि एक घशाकडचा घर्षक ग. एकूण वीस व्यंजने संपली. स नाही, श नाही, फ नाही, सुटा ह नाही. म्हणून आपल्या देशाच्या नावातला स देखील या भाषेत दंत्य त होतो, ‘सुदान’चे ‘तुदान’. रोमन लिपीला दंत्य त आणि हिरड्यांवरचा त यांत भेद करण्याची सोय नसल्याने दंत्य वर्णांपुढे एक एच जोडतात, आणि मग तो एच पाहून आमच्यासारखा माणूस थ, ध वाचतो. तसे काही नाही, तो शुद्ध द आणि त आहे.

लहानपणी मुळाक्षरे गिरवताना ङ आणि ञ यांपाशी सगळ्यांची पंचाईत होत असे. क कमळाचा, ग गवताचा, ङ कशाचा? आमच्या पाटीवरची ही दोन अक्षरे जन्मभर बिनकामाची बसून असतात, एखाद्या वाङ्मयाला किंवा ज्ञानाला आधार देण्यापुरती. दिन्कात शब्द त्यांनीच सुरू होतात. ‘ञाङ’ म्हणजे मगर. ‘ङोक’ हे अब्येई प्रदेशातल्या दिन्का शाखेचे नाव. पाणिनीच्या परंपरेने घासूनपुसून केलेला तो तक्ता एका दूरच्या नाइलोटिक भाषेत असा भरलेला पाहिला, तेव्हा आम्हांला जो आनंद झाला तो शास्त्रीय होता असा आमचा दावा नाही. या भाषेचे सख्खे नाते नुएर आणि अतुओत यांच्याशी आहे, जरा दूरचे शिल्लुक आणि लुओ यांच्याशी. संस्कृतशी काडीचेही नाही. तोंडाची रचना सगळीकडे एकच असते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु व्यंजने हा दिन्काचा सोपा भाग झाला. तिचे सारे वैभव आणि सारी अडचण स्वरांत आहे. मूळ स्वर सात. त्यांतल्या बहुतेकांच्या दोन जाती: एक मोकळ्या आवाजातला, दुसरा श्वास मिसळलेला. मराठी कानाला हा भेद पुष्कळदा पकडता येतो, कारण ‘म्हातारा’, ‘न्हाणे’, ‘व्हावे’ यांतला श्वास आपण रोज उच्चारतो. आपला श्वास व्यंजनाला चिकटलेला आहे, त्यांचा स्वरात मुरलेला आहे. मग प्रत्येक स्वराच्या लांबीच्या पायऱ्या तीन: ह्रस्व, दीर्घ आणि त्याहून दीर्घ. जगातल्या फार थोड्या भाषांत अशा तीन पायऱ्या मानल्या जातात. एस्टोनियनचे नाव त्यात नेहमी घेतले जाते. बर्ट रेमाइसन आणि लिओमा गिली यांनी २००८ मध्ये दिन्काच्या लुआञजाङ बोलीतल्या या तिहेरी लांबीची मोजमापे प्रसिद्ध केली. आमच्याकडे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांवरून, ह्रस्व-दीर्घ वेलांट्यांवरून, पिढ्यान्‌पिढ्या वाद होत आले. आणि त्या दोन वेलांट्यांतला फरक उच्चारताना आपण धड पाळतही नाही. ज्यांना तीन लांब्या कानाने सहज ऐकू येतात त्यांच्या लेखनात मात्र तिन्ही वेगळ्या दाखवण्याची घडी नीट बसलेली नाही.

त्यावर पुन्हा सूर. बोरकडच्या बोलींत सुरांचे चार प्रकार आहेत: नीच, मध्यम, उच्च आणि उतरता. दिन्का शब्द बहुधा एकाक्षरी असतात, प्रत्ययांची शेपटे फारशी लागत नाहीत. आपण ‘तोडतो, तोडले, तोडून आणले, तोडून नेले, तोडले गेले’ असे प्रत्यय आणि सहायक क्रियापदे जोडत जे सांगतो, त्यातले पुष्कळसे दिन्का त्या एकाच अक्षराच्या पोटात स्वराचा रंग, श्वास, लांबी आणि सूर बदलून सांगते. क्रिया बोलणाऱ्याकडे येते आहे की त्याच्यापासून दूर जाते आहे, एवढेही त्या एका अक्षरातून कळते. टॉर्बेन अँडरसन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून अगार बोलीवर जे निबंध लिहिले त्यांनी हे कोडे उलगडायला सुरुवात केली. आम्ही ते पुढे वाचले. पण त्याआधी गॅलरीत बसून तो मुलगा एकच अक्षर चार वेळा म्हणे आणि चार वेगळे अर्थ सांगे. आमचे कान पहिल्या दोहोंवर थांबत.

अशा वेळी आम्हांला इंद्रशत्रूची गोष्ट आठवे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ मांडला आणि ‘इंद्रशत्रू’ वृद्धिंगत होवो असे म्हटले. म्हणायचे होते इंद्राचा घात करणारा. पण आघात चुकीच्या अक्षरावर पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, ‘इंद्र ज्याचा घात करणारा आहे असा’ हा अर्थ निघाला, आणि वृत्र मेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे हे सांगताना ही कथा वापरली. आम्ही ती वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि मुले दर वेळी हसली आहेत, कारण सुराने अर्थ बदलतो ही गोष्ट मराठी मुलाला पुराणातली वाटते. वेदांतले उदात्त-अनुदात्त आपल्या बोलण्यातून केव्हाच गेले. पोथीत अक्षराखालची आडवी आणि अक्षरावरची उभी रेघ तेवढी उरली. नाईलकाठी मात्र गुरे वळणारे पोर ही इंद्रशत्रूची कसोटी रोज, प्रत्येक वाक्यात, न अडखळता पार करते.

अनेकवचनांची गोष्टही अशीच. ‘दोम’ म्हणजे बाग, ‘दुम’ म्हणजे बागा. ‘रान’ म्हणजे माणूस, पण माणसे म्हणजे ‘कोच’. ‘तिक’ म्हणजे स्त्री, स्त्रिया ‘दिआर’. ‘वेङ’ म्हणजे गाय. गुरे म्हणायचे तर शब्दच वेगळा. रॉबर्ट लॅड, रेमाइसन आणि स्वतः दिन्काभाषक असलेले चागुओर आदोङ मान्याङ यांनी २००९ मध्ये असे दाखवले, की दिन्का नामांच्या एकवचनावरून अनेकवचन ओळखण्याचा भरवशाचा नियमच सापडत नाही. प्रत्येक नामाची जोडी ज्याची त्याला लक्षात ठेवावी लागते. व्याकरण म्हणजे नियम आणि त्याला मूठभर अपवाद, ही आमची शालेय समजूत. येथे मूठभर कोण, हेच ठरत नाही. आणि तरीही मुले ही भाषा इतर कोणत्याही भाषेसारखी शिकतात.

गाय आली म्हणजे दिन्काच्या दारात शिरल्यासारखे झाले. गॉडफ्री लीनहार्ट या मानवशास्त्रज्ञाचा ‘डिव्हिनिटी अँड एक्स्पिरियन्स’ हा दिन्कांच्या धर्मावरचा ग्रंथ १९६१ चा. त्यात त्याने एक गोष्ट फार मार्मिकपणे दाखवली आहे: दिन्का माणसाची रंगांची, उजेड-अंधाराची सारी शब्दसंपत्ती गुरांच्या अंगावरच्या रंगांत साठवलेली आहे, ती काढून घेतली तर डोळ्यांनी पाहिलेले सांगायला त्याच्याजवळ फारसे काही उरणार नाही. बैलाच्या रंगनावाला आरंभी ‘म’ लागतो. ‘कुआच’ म्हणजे बिबट्या, म्हणून ठिपक्याठिपक्यांचा बैल ‘मकुआच’. ‘ञाङ’ मगर, म्हणून अंगावर पट्टे असलेला ‘मञाङ’. पांढऱ्या डोक्याच्या मत्स्यगरुडावरून ‘मकुएइ’. ‘मबिओर’ पांढरा, ‘मजोक’ काळापांढरा. तरुणाला दीक्षा मिळाली म्हणजे त्याला बैल मिळतो. बैलाच्या रंगाचे नाव तो स्वतः घेतो आणि त्या बैलावर गाणी रचतो. दक्षिण सुदानच्या मुक्तिलढ्याचा नेता, २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेलेला जॉन गरांग, याचे पूर्ण नाव जॉन गरांग दे मबिओर. म्हणजे या इतिहासाच्या पानावर एक पांढरा बैल उभा आहे. आपल्याकडे ढवळ्या-पवळ्या, सर्जा-राजा अशी नावे बैलांना माणसे देतात. तिकडे बैल माणसांना नावे देतात.

पण खरी काव्यशास्त्राची गंमत याच्या पुढे आहे. लीनहार्टने नोंदवले आहे, की ज्याचा बैल काळा, त्याला नुसते काळ्या बैलाच्या नावाने न पुकारता ‘झाडाची सावली’ म्हणतील. किंवा ‘गोगलगायी शोधणारा’ म्हणतील, कारण गोगलगायी टिपणारा तो पक्षी काळा असतो. माणूस, त्याचा बैल, बैलाचा रंग, त्या रंगाचा पक्षी, त्या पक्ष्याचे खाणे: चार पायऱ्या ओलांडल्या आणि ऐकणाऱ्याने त्या मनातल्या मनात उलट चढायच्या. मम्मटाच्या लक्षणेचे प्रकार शिकवताना आमच्या हाताशी गंगेवरची ती एक जुनी गवळ्यांची वाडी असते. गवळ्यांचीच, पण जरा ताजी उदाहरणे हवी असतील तर ती येथे आहेत. फ्रान्सिस मादिङ देङ यांनी दिन्का गाण्यांचा संग्रह १९७३ मध्ये इंग्रजीत आणला. ते अब्येईच्या ङोक शाखेचे प्रमुख देङ मजोक यांचे पुत्र, कायद्याचे पंडित, मुत्सद्दी आणि कादंबरीकार. त्या संग्रहात हे नावांचे खेळ मुबलक आहेत. अनुवादात त्यांचा अर्थ येतो, सूर येत नाही.

या भाषेला अक्षरे कोणी दिली, हा प्रश्न मराठी माणसाला कॅरी आणि मोल्सवर्थ यांची आठवण करून देईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅथलिक मिशनऱ्यांनी नाईलवर ठाणी घातली. त्यांनी जमवलेल्या सामग्रीवरून मिटररुत्झनर याने १८६६ मध्ये आल्प्स पर्वतातल्या ब्रिक्सन गावी दिन्काचे पुस्तक छापले. १९२८ साली रेजाफ येथे ब्रिटिशांनी भाषा-परिषद भरवली आणि दक्षिणेतल्या अनेक बोलींतून शाळेसाठी मोजके भाषागट निवडले. त्यात दिन्का होती. सुदान १९५६ मध्ये स्वतंत्र झाल्यावर खार्टूमच्या सरकारने याच भाषांना अरबी लिपी घालून पाहिली, १९६४ मध्ये परकी मिशनरी हाकलले गेले, १९७२ च्या करारानंतर पुन्हा रोमन आली. लिपी ही तेथे राजकीय निष्ठेची खूण ठरली. श्वासमिश्रित स्वरावर दोन ठिपके देण्याची पद्धत रूढ झाली आहे. सुराला खूण नाही. आणि ठिपकेही घाईत, फोनवर लिहिताना, पुष्कळजण गाळतात.

याचा परिणाम असा, की दिन्का वाक्य वाचायचे तर ते आधी समजावे लागते. अर्थ लागल्यावर सूर ठरतो, सूर ठरल्यावर उच्चार होतो. मोडी वाचणाऱ्यांना हा अनुभव आहे: ह्रस्वदीर्घ एकच, शब्दांत अंतर नाही, आणि मजकूर काय असावा हे मनात असल्याशिवाय अक्षर सुटत नाही. पण मोडी हिशेब आणि पत्रव्यवहार यांपुरती होती. कविता बालबोधीत लिहीत. दिन्काला दुसरी लिपी नाही.

बोलींचाही प्रश्न आहेच. ईशान्येची पदाङ, वायव्येची रुवेङ, नैर्ऋत्येची रेक, दक्षिणेच्या मध्यातली अगार, आग्नेयेची बोर, असे पाच मोठे गट सांगतात. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या पाचांना पाच स्वतंत्र संकेत आहेत आणि पाचांवर मिळून एक छत्रीसारखा सहावा. रेक भागात कॅथलिक होते. नेबेलचे व्याकरण १९४८ मध्ये रेक-मलुआल बोलीवर निघाले. बोरकडे अँग्लिकन होते. तेव्हा छापील दिन्का दोन पंथांत वाढली. प्रमाण कोणती, असे आम्ही त्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “रेकवाले रेक सांगतील.” अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी यांच्यासंबंधी पुण्यात बसून मते देणाऱ्यांना हे उत्तर ओळखीचे वाटावे. २०११ च्या राज्यघटनेने इंग्रजीला कामकाजाची भाषा केले आणि देशातल्या सगळ्या देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटले. कागदावर हे औदार्य मोठे आहे. बाजारात जुबा-अरबी चालते.

त्या मुलाला इंग्रजी उत्तम लिहिता येई, स्वाहिली बोलता येई. घरी मात्र तो पत्र लिहीत नसे. छावणीतून आणि पुढे बोरहून त्याला कॅसेट येत आणि तो कॅसेट पाठवी. अँजेला इम्पी या अभ्यासिकेने दाखवले आहे, की युद्धाने पांगलेल्या दिन्का कुटुंबांत हीच रीत होती: गाणी, निरोप, भांडणे, सोयरिकीची बोलणी, सारे फितीवर भरून खंडोखंडी पाठवले जाई. लिहिता येत असून लिहीत का नाहीस, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर आम्ही त्याच रात्री टिपून ठेवले होते. “मी लिहिले तर धाकटा भाऊ वाचून दाखवील. आईला त्याचा आवाज ऐकू येईल. आणि तो कुठे चढेल, कुठे उतरेल, ते मी कसे सांगणार?”

त्याच्या खोलीत बुटाच्या खोक्यात वीस-बावीस कॅसेट होत्या. एकीवर त्याचे आजोबा होते. २०११ च्या जुलैत देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तो परतला, आणि ते खोके बरोबर घेऊन गेला.

१५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुबात सैनिकांतच गोळीबार सुरू झाला आणि देश दिन्का व नुएर असा फाटला. या दोन भाषा इतक्या जवळच्या, की एका परसातल्या दोन विहिरी म्हणाव्यात. वाचलेल्यांनी नंतर सांगितले, की जुबाच्या वस्त्यांतून माणसाला दिन्कात नाव विचारीत आणि उत्तर देता आले नाही तर तो नुएर ठरे. पुढच्या आठवड्यांत बोर शहर या हातून त्या हाती वारंवार गेले. तेथे मेले ते बहुतांशी दिन्का. त्याच बोरने १९९१ च्या नोव्हेंबरात नुएर फौजांकडून झालेली कत्तल पाहिली होती. इंद्रशत्रूची कथा आम्ही त्या वर्षी वर्गात सांगितली नाही. आमच्या विद्यार्थ्याचा फोन तीन महिने लागत नव्हता. मार्चमध्ये तो युगांडातून आला. आई बरोबर होती, भाऊ नव्हता. घर जळाले होते. कॅसेटचे विचारायचे आमच्या मनात नव्हते; त्यानेच सांगितले, की खोके घरातच होते. २०१८ च्या सप्टेंबरात करार झाला, तरी तो अद्याप बोरला कायमचा परतलेला नाही. आता तो फोनवर आवाजी निरोप पाठवतो.

आजोबांच्या कॅसेटवर होती ती गोष्ट आम्ही त्याच्याकडून ऐकली होती. देवाने पहिल्या माणसाला दोन गोष्टींतली एक निवडायला सांगितली: एक गाय आणि दुसरे ‘काय’. गाय समोर उभी होती. ‘काय’ म्हणजे काय, ते दिसत नव्हते. माणूस म्हणाला, मला गाय हवी. देवाने पुन्हा विचारले, नीट पाहा, ‘काय’ नको ना? माणसाने गायच घेतली, आणि ‘काय’ दुसऱ्या कोणाला मिळाले. ही कथा देङ यांच्या ‘आफ्रिकन्स ऑफ टू वर्ल्ड्स’ या १९७८ च्या पुस्तकात आहे. डेव्ह एगर्सच्या २००६ च्या कादंबरीने तर तिचे नावच घेतले. कोणी म्हणतात, ‘काय’ म्हणजे प्रश्न विचारण्याची खोड, जिच्यातून पुस्तके आणि बंदुका निघाल्या. कोणी म्हणतात, निवड बरोबरच होती. मराठी वाचकाला येथे ‘क’ हे प्रजापतीचे नाव आठवेल: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात कवी पुन:पुन्हा ‘कोणत्या देवाला?’ असे विचारत राहिला आणि पुढच्यांनी त्या ‘कोण’लाच देव केले. आम्ही हे त्या मुलाला सांगितले. त्याने विचार करून म्हटले, “मग तुम्ही दुसरे घेतले.” मराठी माणसे दर वाक्यात ‘काय’ म्हणतात – काय म्हणता, काय राव, काय मग – हे त्याने पुण्याच्या मंडईत पहिल्याच महिन्यात हेरले होते.

देङ यांच्या पुस्तकात तो शब्द इंग्रजीत छापलेला आहे, मोठ्या अक्षराने. दिन्कात ‘कोण’ म्हणजे ‘ङा’ आणि ‘काय’ म्हणजे ‘ङो’, ओ श्वासाचा. आजोबा गोष्टीत त्या शब्दापाशी आले की मुलगा फीत थोडी मागे घेई आणि पुन्हा लावी. ‘वेङ’ सरळ येई. ‘ङो’ म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज, प्रश्न विचारताना व्हावा तसा न होता, जरा वेगळ्या उंचीवर जाऊन थांबे. आमच्या त्या वर्षीच्या वहीत ‘ङो’ लिहिलेले आहे आणि त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ आहे, पोथीत देतात तशी.